गारठ्याचा माग

आमचे वडील, अण्णा, शेतीच्या हिशेबाच्या वहीत रोज एक ओळ हवेची लिहीत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या या लांबट वह्या १९७२च्या दुष्काळापासून २००९पर्यंतच्या आहेत. बियाणे, मजुरी, कडब्याचा भाव यांच्या रकान्याखाली बारीक अक्षरात नोंद असे : 'वरचा वारा, गारठा.' 'मळभ.' 'खालचा वारा, आभाळ, चिकटा दिसतो.' 'दहिवर भरपूर.' वरचा म्हणजे उत्तरेकडचा आणि खालचा म्हणजे दक्षिण-आग्नेयेकडचा, ही अण्णांची भाषा. पावसाळ्यातल्या नोंदी त्रोटक आहेत. काही आठवडे तर कोरेच. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत मात्र एकही दिवस चुकलेला नाही.

एकदा मी विचारले, "अण्णा, लोक पाऊस लिहितात, तुम्ही थंडी का लिहिता?" ते म्हणाले, "पाऊस पेरायला लागतो. पोसायला थंडी लागते."

करमाळ्याच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमचा तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि त्यातला भरवशाचा भाग सप्टेंबरमध्ये. म्हणून इथले खरे पीक खरिपाचे नाही, रब्बीचे. काळ्या भारी रानात हस्ताच्या आगेमागे ज्वारी पेरायची आणि जमिनीने धरलेल्या ओलीवर ती चार महिने जगवायची. वरून पुन्हा पाणी मिळेलच असे नाही. थंडी नीट पडली तर ओल हळूहळू खर्च होते, कणसात दाणा भरतो. ऊन लवकर तापले तर ओल संपते, ताटे आतून पोकळ होऊन 'खडखड्या' लागतो आणि पीक उभ्याचे आडवे होते. आभाळ आठवडाभर रेंगाळले तर मावा वाढतो, पानांवर चिकटा चमकू लागतो, हरभऱ्यावर घाटेअळी येते. पावसाने पेरणी ठरते. पदरात किती पडणार ते थंडी ठरवते.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. शिक्षण बारावीपर्यंत, तेही अर्धवट. पण जळालेली मोटार दुकानात आली की ती का जळाली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हीच खोड वाचनात उतरली. अण्णा गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी हिवाळ्याची पाने उलटू लागलो आणि त्यात एक ठेका दिसला. दोन-तीन दिवस मळभ, रात्री उबदार. मग वारा फिरतो. मग चार-सहा दिवस कडक गारठा. तो ओसरतो आणि पुन्हा मळभ. हा क्रम दर हिवाळ्यात अनेकदा येतो. मळभ आणि गारठा ही अण्णांच्या वहीत दोन वेगळी संकटे होती. मला मात्र ती एकाच गाडीची दोन चाके वाटू लागली. ही गाडी येते कुठून, याचा माग काढण्यात माझी दहाएक वर्षे गेली. हा लेख म्हणजे त्या शोधाची हकीकत.

पहिला गैरसमज माझाच होता. वर्तमानपत्रात थंडीच्या बातमीत 'सायबेरियातून आलेले वारे' असे सर्रास छापून येते आणि मीही ते खरे धरून चाललो होतो. सायबेरियाचा थंडीशी संबंध आहे, पण तो इतका सरळ नाही. हिवाळ्यात आशियाची प्रचंड भूमी निवत जाते. मंगोलिया-सायबेरियावरची हवा थंड, दाट आणि जड होऊन जमिनीवर बसते. हेच सायबेरियाचे उच्चदाबाचे क्षेत्र. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल असतो. तिथे डिसेंबर-जानेवारीत तो १०३०, १०४० आणि त्याच्याही वर जातो. ३१ डिसेंबर १९६८ रोजी सायबेरियातल्या अगाता येथे समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब १०८३.८ नोंदला गेला. पण ही जड हवा उथळ असते आणि तिच्या दक्षिणेला तिबेटचे पठार व हिमालय उभा आहे. ती भिंत ओलांडून ती थेट आपल्याकडे येत नाही. चीन-कोरियाकडे तिला वाट मोकळी आहे, म्हणून आपल्याच अक्षांशावरच्या चीनमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी पडते. आपल्याकडे गारठा येतो तो भिंतीच्या पश्चिम टोकाला वळसा घालून : मध्य आशिया, इराण, अफगाणिस्तान, सिंध आणि राजस्थान या वाटेने.

या वाटेवरून त्याला ओढून आणणारी गाडी म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वेगवान झोतवारा वाहत असतो. उन्हाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला असतो, हिवाळ्यात दक्षिणेला सरकून उत्तर भारतावर येतो. त्याच्यासोबत ही कमी दाबाची क्षेत्रे एकामागोमाग एक पूर्वेकडे येतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा. काश्मीर-हिमाचलात त्यांच्यामुळे बर्फ पडते, पंजाबात गव्हाला पाऊस मिळतो.

आता करमाळ्यातून पाहू. झंझावात पाकिस्तान-राजस्थानच्या दिशेने येत असतो तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूला वारे दक्षिणेकडून खेचले जातात. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरची दमट हवा आपल्यावर येते. आभाळ भरते. ढगांची गोधडी पांघरल्यामुळे रात्री जमिनीची ऊब अडून राहते. हे अण्णांचे 'खालचा वारा, मळभ'. झंझावात पूर्वेकडे सरकला की त्याच्या पाठीमागे उत्तरेकडची कोरडी, थंड हवा आत शिरते. राजस्थान-मध्य प्रदेशावर उच्चदाबाचे क्षेत्र येऊन बसते, त्यात हवा वरून खाली उतरते, ढग विरतात, आकाश काचेसारखे होते. आधी धुळे-जळगाव गारठते, मग निफाडचा आकडा वर्तमानपत्रात येतो, मग नगर आणि मग आम्ही. 'वरचा वारा, गारठा.' एकाच गाडीचे पुढचे चाक मळभाचे आणि मागचे गारठ्याचे, हा माझा अंदाज बरोबर ठरला.

याचे एक उदाहरण अण्णांच्या वहीतच आहे. फेब्रुवारी २००८च्या पहिल्या पंधरवड्यातल्या नोंदी पेन दाबून लिहिलेल्या आहेत. 'गारठा. हरभऱ्याचे शेंडे करपले. केळीची पाने पिवळी.' माघात थंडी ओसरायची, ती उलटून आली होती. ८ फेब्रुवारीला मुंबईचे किमान तापमान ९.४ अंशांपर्यंत उतरले, यावरून बाकी महाराष्ट्राची कल्पना यावी. त्या हिवाळ्यात उरल पर्वताच्या भागात उच्चदाबाचे क्षेत्र अडून बसले होते आणि सायबेरियाचा उच्चदाब फार बळावला होता. जानेवारीत अफगाणिस्तानात हिमवादळांनी शेकडो माणसे दगावली, दक्षिण चीनमध्ये बर्फाने विजेचे मनोरे कोसळले. झंझावातांच्या वाटेवरच थंड हवेचे कोठार तुडुंब भरले होते. त्यांच्या मागून ती हवा आमच्या हरभऱ्यापर्यंत आली. काबूलच्या आणि करमाळ्याच्या नुकसानीचा पंचनामा वेगवेगळा झाला, पण कारणाची दोरी एकच होती.

ही दोरी पहिल्यांदा कोणी पाहिली? उत्तर शोधत मागे गेलो तर वाट पुन्हा आमच्याच मुलखात आली. ती १८७६च्या दुष्काळाची.

१८७५मध्ये भारताचा हवामान विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. दुसऱ्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस ओढला. सप्टेंबर-ऑक्टोबर जवळजवळ कोरडे गेले, म्हणजे रब्बीची पेरणीच झाली नाही. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर होता. सरकारी कामांवर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने मजुरी इतकी तोडली गेली की मजुरांनी कामावर बहिष्कार घातला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८८१च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८७२पेक्षा पुष्कळ कमी भरली. मेलेली माणसे, परागंदा झालेली माणसे आणि न जन्मलेली मुले, हा सगळा हिशेब त्या एका आकड्यात आहे.

ब्लॅनफर्ड यांच्यापुढे प्रश्न होता : असे का झाले? त्यांनी पावसाच्या आधी वायुभारमापकांच्या नोंदी पाहिल्या. वायुभारमापक म्हणजे हवेचा तराजू. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून नियमित हवामान नोंदी होत होत्या. पुढे टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेलेले गणिती केरूनाना छत्रे तरुणपणी याच वेधशाळेत साहाय्यक होते. असे तराजू आता देशभर होते. १८७६ ते १८७८ या काळात भारतातच नव्हे तर आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंतच्या अफाट पट्ट्यात हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त होता, असे त्यांना दिसले. एका जिल्ह्याचा दुष्काळ हा अर्ध्या गोलार्धाच्या हवेचा आजार होता.

१८८०मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ब्लॅनफर्ड यांचा एक लेख आला. विषय होता रशिया आणि भारत यांच्यातला वायुदाबाचा सी-सॉ. पश्चिम सायबेरिया-रशियाकडचे पारडे जड असते तेव्हा भारत-मलायाकडचे हलके, आणि उलट, असे ते मांडत होते. त्यांनी याचा संबंध सूर्यावरच्या डागांच्या चक्राशी जोडला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात पश्चिम भारताचे हवामान-अधिकारी फ्रेडरिक चेंबर्स यांनी लिहिले की, उच्चदाबाच्या लाटा पश्चिमेकडून पूर्वेकडे संथपणे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग दुष्काळ येतात. मुंबई इलाख्यात नोंदी ठेवणारा माणूस भुकेचा आणि पाऱ्याच्या उंचीचा संबंध लावू पाहत होता. सूर्यडागांचा सिद्धान्त पुढे टिकला नाही. पण दूरच्या दोन प्रदेशांची पारडी एकमेकांना बांधलेली असतात, ही कल्पना टिकली. १८८४मध्ये ब्लॅनफर्ड यांनी आणखी एक धागा ओढला : हिमालयात हिवाळ्यात-वसंतात बर्फ जास्त पडले तर पुढे कोरडे वारे वाढतात आणि पाऊस ओढतो. हे बर्फ पाडणारे कोण? तर हेच पश्चिमी झंझावात. हिवाळा आणि पावसाळा यांच्यामध्ये त्यांनी प्रथमच एक पूल बांधला.

त्यांच्यानंतर आलेले जॉन इलियट यांनी अंदाजाचा पसारा वाढवला आणि १८९९मध्ये चांगल्या पावसाचे भाकीत केले. त्या वर्षी भीषण दुष्काळ पडला. १९०४मध्ये विभागाची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. ते हवामानतज्ज्ञ नव्हतेच. केंब्रिजचे गणिती होते, बूमरँग का परतते याचे गणित करणारे. त्यांनी ठरवले की आधी कारण शोधायच्या भानगडीत पडायचे नाही. जगभरच्या ठिकाणांचे दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे घ्यायचे आणि कोणाचा कोणाशी मेळ बसतो ते मोजायचे. तेव्हा संगणक नव्हते. शिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकून बसून हाताने हे सहसंबंध काढत. त्या कारकुनांची नावे प्रबंधांच्या मुखपृष्ठावर नाहीत. माझ्यासारख्या दुकानदाराला त्यांचेच जास्त कौतुक वाटते.

या आकडेमोडीतून १९२३-२४मध्ये वॉकर यांनी तीन मोठे झोके जगापुढे ठेवले. पहिला पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यातला 'दक्षिणी आंदोलन'. एल निनो म्हणून आज आपण जे ऐकतो त्याचे ते हवेतले अंग. दुसरा उत्तर पॅसिफिकचा. तिसरा उत्तर अटलांटिकचा : आइसलँडजवळचा कमी दाब आणि अझोर्स बेटांजवळचा उच्चदाब यांच्यातली चढउतार. हा तिसरा झोका मुख्यतः हिवाळ्याचा. दोन्ही बळावले की अटलांटिकवरून युरोपाकडे जाणारे पश्चिमी वारे जोर धरतात. दोन्ही मंदावले की वारे वाट बदलतात. युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्याची ही किल्ली. तिला 'उत्तर अटलांटिक आंदोलन' हे नाव मिळाले ते मोसमी पावसाचा अंदाज शोधताना, हिमालयाच्या उतारावरच्या एका कचेरीतून. दख्खनच्या दुष्काळांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर युरोपच्या हिवाळ्यालाही लागू पडले.

मग हा अटलांटिकचा झोका करमाळ्यापर्यंत येतो का? त्या झोक्याने पश्चिमी वाऱ्यांची आणि झोतवाऱ्याची वाट बदलते, आणि त्याच वाटेवरून झंझावात चालतात. वायव्य भारताच्या हिवाळी पर्जन्यावर या आंदोलनाचा प्रभाव असल्याचे आढळले आहे. २००९मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अलीकडच्या दशकांत वायव्य भारताच्या हिवाळी पर्जन्यावरचा हा अटलांटिक-आर्क्टिकचा प्रभाव कमी होत गेला आणि पॅसिफिकच्या एल निनोचा वाढत गेला. म्हणजे पारडी बांधणाऱ्या दोऱ्याही कायमच्या नाहीत. आजोबांच्या काळी लागू असलेला ठोकताळा नातवाच्या काळी फसू शकतो, आणि त्यात आजोबांची चूक नसते.

१९२८मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजही पुणेकरांच्या तोंडी 'सिमला ऑफिस' आहे. मी अण्णांच्या वह्यांतल्या निवडक तारखा घेऊन पुण्याला गेलो, जुने दैनिक हवामान अहवाल चाळले. अण्णांनी 'मळभ' लिहिले आहे त्या तारखांच्या नकाशांवर वायव्येला कमी दाबाच्या वळणदार रेषा एकामागून एक सापडू लागल्या, तेव्हा माझे हात थरथरले हे कबूल करतो. ज्या माणसाने पुण्याची ही इमारत कधी पाहिली नाही, त्याची ओळ आणि तिथला नकाशा एकमेकांना दुजोरा देत होते.

पण जागतिक दाबाची गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. वरून थंड हवा आली म्हणून गारठा पूर्ण होत नाही. उरलेले काम रात्री शेतातच होते. हे काम समजून घेणारा माणूसही पुण्याचाच. १९३२मध्ये पुण्यात कृषी-हवामानशास्त्राचे काम सुरू झाले आणि ते एल. ए. रामदास यांच्याकडे होते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते. तेव्हा सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून असावी, असे कोणीही म्हणेल. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२मध्ये दाखवले की, उघड्या जमिनीवर अशा रात्री सर्वांत कमी तापमान जमिनीपासून वीतभर-दोन वीत उंचीवर असते. जगाने आधी यावर विश्वास ठेवला नाही. आता त्या थराला 'रामदास थर' म्हणतात. हरभऱ्याचे शेंडे नेमके त्याच उंचीवर असतात. फेब्रुवारी २००८मध्ये शेंडे करपून खालची पाने कशी वाचली, हे अण्णांना पडलेले कोडे मला रामदासांचे संशोधन वाचताना सुटल्यासारखे वाटले.

त्याच सुमारास, १७ जानेवारी १९३५ला, पुण्याचे तापमान १.७ अंशांपर्यंत उतरले. शहराच्या नोंदीतला तो नीचांक आहे. आणि त्याच दशकात आमच्या जिल्ह्यात दोन गोष्टी घडल्या. १९३३मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हे वाण पुढे आले. आजही बाजारात 'मालदांडी' म्हटले की भाकरी खाणाऱ्याचा चेहरा खुलतो. शिमल्याहून आलेले वॉकर यांचे झोके, पुण्याचा रामदास थर आणि मोहोळची मालदांडी, या तीन गोष्टी मी एकाच कागदावर लिहून दुकानात लावल्या आहेत. पहिली हजारो किलोमीटरची, दुसरी वितीची आणि तिसरी कणसाची. आमची रब्बी या तिन्हींच्या मेळावर उभी आहे. १९५६मध्ये पिशारोटी आणि देसाई यांनी पश्चिमी झंझावात आणि भारतीय हवामान यांवर लेख लिहून पहिली गोष्ट देशाच्या नकाशावर नीट बसवली. पिशारोटी हेच पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक झाले.

इतके ज्ञान आपल्या मुलखात, आपल्या दुष्काळांतून जन्मले. तरी एक गोष्ट मला सलते. दीडशे वर्षे 'अंदाज' म्हटले की आपल्याला जून ते सप्टेंबर आठवतो. ज्या सोलापूरने उपाशीपोटी हा प्रश्न विचारला, त्याचे पीक मात्र ऑक्टोबर ते फेब्रुवारीत वाढते. मे महिन्यात मोसमी पावसाच्या टक्केवारीवर चावडीत, चहाच्या टपरीवर चर्चा होते. नोव्हेंबरअखेरीस हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीच्या तापमानाचा अंदाज देतो, मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी-हवामान सल्ला निघतो. त्याबद्दल माझ्या दुकानात बसलेल्या दहा शेतकऱ्यांपैकी एखाद्यालाच ठाऊक असते. दोष शेतकऱ्याचा नाही. आपण हिवाळ्याला विश्रांतीचा ऋतू समजलो, हुरड्याचा आणि स्वेटरचा.

या समजाची किंमत आम्ही २०१४मध्ये मोजली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारांचा असा मारा झाला की शास्त्रज्ञांनी त्याला अभूतपूर्व म्हटले. विदर्भ, मराठवाडा, नाशिक, सोलापूर. कोणी सुटले नाही. झोतवाऱ्यातली पश्चिमी हवेची खोल घडी नेहमीपेक्षा फार दक्षिणेला, थेट दख्खनवर उतरली होती. वर गार हवा, खाली दोन्ही समुद्रांची दमट हवा, आणि मध्ये काढणीला आलेले पीक. आमच्या शिवारात ज्वारी कापून पेंढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. सकाळी रानात गेलो तर कणसे मातीत रुतलेली आणि दाणे पांढऱ्याऐवजी काळपट. अण्णा पाच वर्षांपूर्वी गेले होते. वही असती तर त्यांनी काय लिहिले असते, हे मी त्या सकाळी फार वेळ विचारत राहिलो.

त्या वर्षानंतर आमच्या भावकीतल्या दोघांनी ज्वारी सोडली. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने तालुक्याची पश्चिम बाजू आधीच बदलली होती. फुगवट्याच्या कडेला ऊस आणि केळी आली. पाणी पोचेल तिथे ऊस, नाही पोचले तिथे शेत पडीक किंवा डाळिंबाचा जुगार. ऊस थंडीची पत्रास ज्वारीइतकी ठेवत नाही, म्हणून थंडी वाचणारी माणसे कमी होत चालली. वाचणारे कमी झाले तरी थंडी आणणाऱ्या वाटा बदलायच्या थांबत नाहीत. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या एका संशोधनाने २०२४मध्ये दाखवले की, पश्चिमी झंझावातांचा हंगाम लांबत चालला आहे; झोतवारा उत्तरेला परतायला उशीर करतो, त्यामुळे ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंतही येत राहतात. थंडी गेली म्हणून निर्धास्त व्हावे, असे दिवस आता राहिले नाहीत.

गेल्या काही हिवाळ्यांपासून मी दुकानात एक फळा लावला आहे. पाकिस्तान-राजस्थानकडे झंझावात येतो आहे असे हवामान विभागाच्या पत्रकात दिसले की मी खडूने लिहितो : 'दोन दिवसांत मळभ. मावा बघा. मग गारठा, हरभऱ्याला रात्री पाणी द्या.' ओल्या जमिनीत दिवसाची ऊब जास्त साठते, म्हणून कडक थंडीच्या रात्री हलके पाणी पिकाला तारते. द्राक्षवाले तर बागेत शेकोट्याही पेटवतात. कधी माझे लिहिणे चुकते, तेव्हा पोरे हसतात. बरोबर येते तेव्हा कोणी काही बोलत नाही, पण त्या संध्याकाळी वीज येण्याच्या वेळा विचारायला दोन-चार माणसे जास्त येतात. आमच्याकडे शेतीची वीज बरेचदा रात्रीचीच असते. गारठ्यात, दहिवरात भिजत, बॅटरी घेऊन बांधावर उभे राहणाऱ्या माणसाला ती थंडी भूमध्य समुद्रापासून कोणत्या वाटेने आली हे कळून काय उपयोग, असे मला एकाने विचारले होते. मी म्हणालो, वाट कळली तर ती निघाल्याचा निरोप दोन दिवस आधी मिळतो. करमाळ्यासारख्या मुलखात दोन दिवस म्हणजे पुष्कळ असतात.

१८७६मध्ये असा निरोप देणारे कोणी नव्हते, आणि निरोप मिळून भागलेही नसते. तेव्हा माणसे हवेइतकीच धोरणानेही मेली. पण त्या मरणातून एक प्रश्न जन्मला आणि तो कुलाबा, शिमला, पुणे असा फिरून जगाच्या कामी आला. तो प्रश्न जिथून निघाला तिथे उत्तर अजून पुरते पोचलेले नाही. पाऱ्याच्या उंचीपासून कणसापर्यंतचा शेवटचा टप्पा आपल्यालाच चालायचा आहे.

अण्णांची शेवटची वही मी जपून ठेवली आहे. तिच्या पुढच्या कोऱ्या पानांवर आता मी लिहितो. कालची नोंद एवढीच आहे : 'खालचा वारा, थोडे मळभ. वायव्येला गाडी निघाली आहे.'